एक खारी, एक आमसूल आणि पंचवीस फुटांची गाडी

खारी ही आमची कुत्री, मूळची पुण्याची. सिंहगड रोडवरच्या एका बेकरीच्या पायरीवर सापडली, रंगही खारीचाच, म्हणून नाव तेच पडलं. २०१८मध्ये आम्ही इकडे अमेरिकेत आलो तेव्हा तिलाही आणलं. रेबीजच्या लशीचा दाखला आणि डॉक्टरांचा तब्येतीचा कागद, एवढ्यावर तेव्हा काम भागलं. (आता तसं भागत नाही. १ ऑगस्ट २०२४पासून भारतासारख्या, रेबीजचा धोका जास्त मानल्या जाणाऱ्या देशांतून कुत्रा आणायचा तर नियम फार कडक झालेत. आम्ही वेळेत सुटलो.) विमानाच्या पोटातला तो प्रवास मात्र खारी विसरलेली नाही. मोठं इंजिन घरघरलं की अजूनही तिची शेपूट पोटाखाली जाते. आमसूल ही मांजर इथलीच, फीनिक्सच्या एका शेल्टरमधून आणलेली. रंगाने काळी, स्वभावाने आंबट.

खारीला बोर्डिंगमध्ये ठेवून पाहिलं होतं. दोन दिवस जेवली नाही आणि तिसऱ्या दिवशी ‘घेऊन जा’ म्हणून फोन आला. विमानाचा प्रश्नच नव्हता. म्हणून मागच्या ऑक्टोबरात आम्ही आठ दिवसांसाठी आरव्ही भाड्याने घेतली. पंचवीस फुटी, क्लास सी, म्हणजे ट्रकच्या चाशीवर घर बसवलेलं आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर माळा. नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं, ‘घरच बरोबर नेतोय, त्यांना काय कळणारे?’

त्यांना पहिल्या दहा मिनिटांत सगळं कळलं. आम्हाला कळायला आठ दिवस लागले. आरव्ही घर आहे हे आपण स्वतःला सांगत असतो. चालताना ती गाडी असते, थांबली की पत्र्याचा डबा. घर ती मधल्या काही तासांतच असते, तेही वीज असेल तर.

तयारीत आमचं एकच पाऊल शहाणपणाचं पडलं. गाडी निघायच्या दोन दिवस आधी आणून दारात उभी केली. मालकाकडे प्राण्यांसाठी वेगळी फी भरावी लागते आणि परत देताना केस दिसले तर सफाईचे पैसे वेगळे. खारीचं पहिलं भांडण पायऱ्यांशी झालं. आरव्हीच्या पायऱ्या लोखंडी जाळीच्या असतात, खालची जमीन दिसते. पुण्यात गटारांवरच्या जाळ्या चुकवत वाढलेलं कुत्रं त्यावर पाय कशाला ठेवेल? पायपुसण्याचे तुकडे कापून प्रत्येक पायरीला बांधले, तेव्हा कुठे बाई चढल्या. मग इंजिन बंद ठेवून आत जेवण, दुसऱ्या दिवशी इंजिन चालू ठेवून जेवण. आमसूलला गाडी लागते, म्हणून डॉक्टरांनी उलटीची आणि शांत राहण्याची गोळी दिली होती. तिचा अंमल कसा चढतो ते घरीच आधी पाहून घ्या, असंही सांगितलं होतं. पाहिलं, तर ती तीन तास भिंतीला टेकून बसली, दारुड्यासारखी. मग डॉक्टरांना विचारून मात्रा कमी केली.

मांजराची लिटरची पेटी कुठे ठेवायची, हा आमच्या घरात चार दिवस चाललेला वाद. शेवटी ती शॉवरच्या खोक्यात गेली. तिथे खालून कड उंच असते, त्यामुळे वाळू बाहेर सांडत नाही. आपल्या अंघोळीच्या वेळी पेटी उचलून बाहेर ठेवायची, एवढाच त्रास. ती वाळू चुकूनही संडासात टाकायची नाही. ब्लॅक टँकमध्ये, म्हणजे संडासाच्या टाकीत, ती गाळासारखी बसते आणि डंप स्टेशनवर टाकी रिकामी करताना तोंड दाखवायला जागा राहत नाही. हे व्हिडिओ कॉलवर आईला सांगितलं, तर तिचा एकच प्रश्न होता, ‘म्हणजे मोरीत?’

पहिल्या दिवशी फीनिक्सहून कॉटनवूड. मुक्काम डेड हॉर्स रँच नावाच्या स्टेट पार्कात. (‘मेलेल्या घोड्याच्या रानात कशाला राहताय,’ हेही आईचंच.) कितीही सांगितलं असलं तरी नवऱ्याला आमसूल माळ्यावर मोकळी हवी होती, ‘खिडकीतून बघेल बिचारी’. मी ऐकलं नाही. तिचा कॅरियर डायनेटच्या (जेवणाच्या टेबलाच्या) बाकावर सीटबेल्टने आवळला आणि खारीचा हार्नेस दुसऱ्या बेल्टच्या बकलात अडकवला. पट्टा गळ्याला नाही, छातीला. आय-१७च्या चढावर एका ट्रकने समोर लेन बदलली आणि नवऱ्याने करकचून ब्रेक मारला. वरच्या कपाटाचं दार उघडलं आणि आमचा तीन लिटरचा कुकर झाकणासकट थेट दोघांच्या सीटच्या मधोमध येऊन आदळला. कुणी काही बोललं नाही. मागे खारी बेल्टला लोंबत होती पण जागेवर होती. माळ्यावरून मांजर सुटलं असतं तर ते कुठे गेलं असतं, हे त्या कुकरने दाखवून दिलं होतं. खिडकीचा विषय पुन्हा निघाला नाही.

दर दोन तासांनी थांबायचं ठरलं होतं. थांबलं की दार उघडायच्या आधी खारीला पट्टा, हा नियम. दोघींना मायक्रोचिप आहे, पण चिप म्हणजे जीपीएस नव्हे. कुणीतरी सापडवून डॉक्टरकडे नेलं तरच तिचा उपयोग. म्हणून गळ्यात आमचा मोबाइल नंबर कोरलेली चकतीही होती.

ग्रँड कॅनियनच्या साउथ रिमला, म्हणजे दरीच्या दक्षिण कड्यावर, पोचलो तर फीनिक्सच्या उन्हाळी कपड्यांत आम्ही चौघंही काकडलो. आमचं घर हजार-अकराशे फुटांवर, रिम सात हजार फुटांवर. मॅथर कॅम्पग्राउंडला जागा मिळाली होती, पण तिथे वीज-पाण्याचे हुकअप नाहीत. जनरेटर ठराविक तासांतच चालवायचा. कुत्र्यांच्या बाबतीत इथल्या बहुतेक नॅशनल पार्कांचा हिशेब साधा आहे. गाडी जाते तिथवर कुत्रा, पायवाट सुरू झाली की नाही. ग्रँड कॅनियन त्यातल्या त्यात उदार. कड्याच्या वरून जाणाऱ्या रिम ट्रेलवर सहा फुटी पट्ट्याने नेता येतं. कड्याखाली उतरायचं मात्र नाही आणि शटल बसमध्येही बसायचं नाही. आम्ही पाळ्या लावल्या. सकाळी नवरा ब्राइट एंजल पायवाटेने दीड मैल खाली जाऊन आला, दुपारी मी. एकाने दरी पाहायची, दुसऱ्याने खारीला धरायचं. खारीला दरीत रस नव्हता. तिला खारी हव्या होत्या, म्हणजे खारुताया. तिथे त्या माणसाळलेल्या आणि लठ्ठ आहेत. त्यांना खायला घालायची सक्त मनाई असली तरी त्यांनी ती वाचलेली दिसत नव्हती.

संध्याकाळी एल्क, म्हणजे इथली मोठाली हरणं, आले. बैलाएवढा नर, डोक्यावर झाडासारखी शिंगं, आमच्या बाकाशेजारून चालत गेला. पार्कचा नियम किमान शंभर फूट लांब राहण्याचा, पण तो स्वतःच आला तर काय करणार? खारीने पुण्यात गाई पाहिल्या आहेत, म्हशी पाहिल्या आहेत. तिने त्याच्याकडे ‘हे काय नवीन’ अशा नजरेने पाहिलं आणि आवाज न करता उलट्या पावली आरव्हीच्या पायऱ्या चढली. जाळीची भीती त्या दिवशी कायमची गेली.

रात्री पारा शून्याजवळ गेला. फर्नेस प्रोपेनवर चालते खरी, पण तिचा पंखा बॅटरीवर फिरतो. आम्ही संध्याकाळी जनरेटर थोडाच वेळ लावला होता. पहाटे तीनला बॅटरी उतरली आणि जमिनीलगतचा गॅसचा अलार्म चिरकायला लागला. आधी वाटलं गळतीच. खारीला बाहेर काढलं, दारं-खिडक्या उघडल्या, वास घेतला. नंतर पुस्तिका वाचल्यावर समजलं की व्होल्टेज कमी झालं तरी तो असाच ओरडतो. अर्धा तास प्रत्येक मिनिटाला एक चिरका ‘टीं’. थंडी आत, अलार्म चालू, खारी थरथरतेय, नवरा टॉर्च तोंडात धरून फ्यूज शोधतोय. या सगळ्यात आमसूलकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

सकाळी निघायची वेळ झाली, तर आमसूल नाही.

माळा पाहिला, शॉवर पाहिला, पलंगाखालचा कप्पा उपसला. पांघरुणं झटकली. रात्री दार उघडं होतं, म्हणजे गेली बाहेर, असं मनात पक्कं झालं. बाहेर एल्क आणि कोल्हे. मी डब्यात खाण्याचे दाणे खुळखुळवत झाडाझाडाखाली फिरले. शेजारच्या आजोबांनी त्यांच्या गाडीखाली वाकून पाहिलं. चेक-आउटची वेळ टळत होती. नवरा म्हणाला, ‘निदान गाडी आवरून तरी ठेवतो,’ आणि स्लाइड-आउट आत घ्यायच्या बटणावर त्याने बोट ठेवलं.

स्लाइड-आउट म्हणजे गाडीच्या भिंतीचा एक तुकडा. मुक्कामाला तो मोटरने बाहेर सरकतो, त्यामुळे आत ऐसपैस जागा होते. निघताना तो आत ओढून घ्यायचा. आमचा डायनेट, म्हणजे टेबल आणि दोन बाक, त्याच तुकड्यावर होता. त्याच्या मागे आणि खाली रुळांची बोळ असते, वीतभर रुंद. बाहेरून ती दिसत नाही.

बोट बटणावर होतं आणि खारी डायनेटच्या बाकाशी नाक लावून उभी होती. भुंकत नव्हती. नुसती शेपूट ताठ करून एकाच जागी श्वास आत ओढत होती. मी ‘थांब!’ असं ओरडले की माझाच घसा बसला. बाकाखालचा खण पूर्ण उपसून काढला, जमिनीवर गाल टेकून टॉर्च मारला. सगळ्यात आत, रुळाच्या शेजारी, दोन पिवळे डोळे.

नवरा बटणापासून लांब जाऊन पायरीवर बसला आणि पाच मिनिटं तिथेच बसून राहिला.

आमसूल यायला तयार नव्हती. हाक मारली, दाणे ठेवले, तिचं महागाचं ओलं खाणं उघडून ठेवलं. शेवटी मला सुकट आठवली. इंडियन स्टोअरमधून आणलेली पुडी मी माझ्यासाठी घेतली होती, एखाद्या संध्याकाळी कांदा घालून करावी म्हणून. तवा तापवला, मूठभर सुकट कोरडी भाजली. तो वास पंचवीस फुटांच्या बंद गाडीत काय करतो ते सांगायला नको. शेजारचे आजोबा काठी टेकत येऊन विचारून गेले, सगळं ठीक आहे ना? सुकट करपायच्या बेतात आली तेव्हा बोळीतून आधी मिशा आल्या, मग एक पाय, मग सगळी आमसूल, अंगभर ग्रीस माखलेली.

त्या दिवसापासून बटण दाबायच्या आधी मोठ्याने मोजायचं ठरलं. एकाने खारीच्या अंगावर हात ठेवून ‘एक खारी’ म्हणायचं, दुसऱ्याने कॅरियरच्या जाळीतून बोट घालून ‘एक आमसूल’. हात लागल्याशिवाय मोजणं धरायचं नाही. ‘मघाशी होती’ हे उत्तर चालणार नाही.

पुढचा मुक्काम होलब्रुक, एका खासगी आरव्ही पार्कात. खासगी पार्कांत बऱ्याचदा जातींची यादी असते. पिट बुल, रॉटवायलर, डॉबरमन अशांना मनाई. फॉर्मवर ‘ब्रीड’ असा रकाना होता. मी ‘इंडी’ लिहिलं. काउंटरवरच्या बाईंनी खारीला वळसा घालून पाहिलं आणि डिंगो, म्हणजे ऑस्ट्रेलियातला रानकुत्रा, तर नाही ना, असं विचारलं. भारतात अशा कोट्यवधी आहेत, रस्त्यावर राहतात, असं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, म्हणजे दुर्मीळ नाही तर! रेबीजचा दाखला मात्र त्यांनी दोनदा वाचला. तो छापील कागद जवळ असू द्यावा. फोनमध्ये आहे म्हणणाऱ्या माणसाच्या फोनला तिथे रेंज नव्हती, म्हणजे माझ्या.

दुसऱ्या दिवशी पेट्रिफाइड फॉरेस्ट. आमच्या सहलीतली ही जागा खारीची. या नॅशनल पार्कात कुत्र्यांना पायवाटांवर जाता येतं. व्हिजिटर सेंटरमध्ये तिला ‘बार्क रेंजर’ करून घेतलं. घाण उचलीन, पट्टा सोडणार नाही, रानातल्या प्राण्यांच्या वाटेला जाणार नाही आणि कुठे जायचं ते माहीत करून घेईन, अशी शपथ तिच्या वतीने मी घेतली. इथे पार्कातल्या रस्त्याच्या कडेने दगड झालेले ओंडके पडले आहेत, बावीस कोटी वर्षांपूर्वीचे. आतून लाल, पिवळे, जांभळे, कापलेल्या मटणासारखे. खारीने आयुष्यात पहिल्यांदा एक काटकी तोंडात धरून बघितली आणि थू केली, कारण ती दगडाची होती. ती तिथेच ठेवून आलो, कारण इथला खडाही उचलून न्यायला बंदी आहे. जुन्या रूट ६६ महामार्गाची आठवण म्हणून तिथे १९३२ची एक गंजलेली स्टुडबेकर मोटार उभी आहे. खारीने तिच्या चाकाशी काय केलं, हे शपथेत बसत नसल्याने सांगत नाही.

तिथून शो लो, मग सॉल्ट रिव्हर कॅनियनची वळणं. गोळी असूनही आमसूलने दोनदा ओकारी काढली. त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

टुसॉनजवळ ऊन पुन्हा भेटलं. कॅटालिना स्टेट पार्कात सकाळी फिरताना खारी अचानक तीन पायांवर उभी राहिली. पुढच्या पंजाला चोया निवडुंगाचा गोळा चिकटला होता, लिंबाएवढा. या निवडुंगाला इकडे ‘जंपिंग’ म्हणतात. तो उडी मारत नाही, पण नुसता स्पर्श झाला तरी त्याचा तुकडा सुटून अंगात रुततो. काट्यांना उलटे दाते असतात, ओढले की जास्त शिरतात. कुत्रं पहिली गोष्ट करतं ती म्हणजे तोंडाने ओढायला जातं आणि मग तेच काटे ओठात, जिभेत. मी तिचं तोंड काखेत दाबून धरलं. हाताने गोळा काढायला जाल तर तो तुमच्या बोटांना चिकटतो. त्याला फणी लागते. माझ्या पर्समध्ये तुळशीबागेतली लाकडी फणी होती. नवऱ्याने तिचे दाते पंजा आणि गोळा यांच्या मधे हळूच सरकवले आणि एका झटक्यात गोळा उडवला. तो लांब झुडपात जाऊन पडला. मागे राहिलेले सात-आठ काटे पकडीने एकेक करून, ज्या कोनात शिरले त्याच कोनात ओढले. खारी एकदाही गुरगुरली नाही. फणीचे दोन दाते गेले. ती फणी आता खारीची झाली आहे.

शेवटच्या रात्रीचा मुक्काम हुकअप असलेल्या एका खासगी पार्कात होता, आणि घात तिथेच व्हायचा होता. दुपारचे दोन. बाहेर एकतीस अंश, एसी चालू, दोघी आत गार झोपलेल्या. आम्ही शंभर पावलांवरच्या लाँड्रीत कपडे घेऊन गेलो. त्यात काय जोखीम? निघताना मी राइस कुकर लावला. गिझर आधीच विजेवर चालू होता.

तीस अँपिअरच्या जोडणीवर १२० व्होल्टने एकूण ३६०० वॉट मिळतात. एसीचे सोळाशे, गिझरचे चौदाशेच्या वर, राइस कुकरचे सहाशे, वरून फ्रिज. ही बेरीज आम्ही दोघा इंजिनियरांनी नंतर केली. खांबावरचा ब्रेकर पडला आणि एसी बंद झाला.

यासाठीच तर तापमान सांगणारं यंत्र घेतलं होतं. सत्तावीस अंशांच्या वर गेलं की मोबाइलवर संदेश. तो आलाही, वेळेवर आला, नवऱ्याच्या फोनवर. आणि नवऱ्याचा फोन आरव्हीतच चार्जिंगला होता.

चाळीस मिनिटांनी कपडे घेऊन परतलो. दाराच्या काचेला आतून खारीचं नाक. दार उघडल्यावर तोंडावर वाफ आली. काटा तेहेतीसवर. खारी जीभ बाहेर टाकून धापा टाकत होती. आमसूल शॉवरच्या फरशीवर, लिटरची पेटी ढकलून, सपाट पसरलेली. दोघींना सावलीत आणलं, पंजे आणि पोट साध्या पाण्याने ओलं केलं. बर्फाचं नाही. थोडं थोडं पाणी पाजलं. वीस मिनिटांत खारीचा श्वास जागेवर आला. सुदैवाने खिडक्यांवर चंदेरी पडदे लावलेले होते आणि ऑक्टोबर होता. अमेरिकन व्हेटरनरी मेडिकल असोसिएशनचा तक्ता मी आधी वाचला होता. बाहेर एकवीस अंश असले तरी बंद गाडी अर्ध्या तासात चाळीसवर जाते. मी तो तक्ता गाड्यांसाठी वाचला होता. आम्ही काही गाडीत राहत नव्हतो, घरात राहत होतो ना!

भात अर्धा कच्चा निघाला. तो तसाच दही घालून खाल्ला. यंत्रावर दोन्ही फोन नोंदवले, ते संध्याकाळी. आणि त्यानंतर दोघांपैकी एकजण कायम आत.

गाडी परत करताना मालकाने स्लाइडच्या रुळाखाली टॉर्च मारला आणि काळ्या केसांचा एक गोळा काढून हातावर ठेवला. सफाईचे पैसे गेले. आमसूल कॅरियरमधून त्याच्याकडे अशी बघत होती की जणू तोच तिच्या घरात शिरलाय.

रात्री आईचा व्हिडिओ कॉल आला. सगळं ऐकून घेतलं, सुकटीच्या गोष्टीला पदर तोंडाला लावून हसली, ब्रेकरच्या गोष्टीला रागावली. मग म्हणाली, ‘पुढच्या वर्षी मी येतेय. कुत्रीला फिरवता, मला काय झालंय? पण मोरीत मांजराची पेटी चालायची नाही.’ म्हणून आता आम्ही अठ्ठावीस फुटी गाडी बघतोय. मॅथरला तीस फुटांपर्यंतच घेतात.